सत्कार मानसशास्त्रातल्या संशोधिकेचा. मानपत्रात साइटेशनचा आकडा घालायचा का?

राजाभाऊ_रावपुरा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जरा पेचात आहे म्हणून धागा काढतोय.

आमच्या मंडळाचा गुणवंतांचा सत्कार दिवाळीनंतर आहे. दहावी-बारावीवाले नेहमीचेच, पण यंदा एक नाव वेगळं आहे. दांडिया बाजारात वाढलेली मुलगी. शाळा बडोद्यातच, पुढे क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल., मग पीएच.डी., आता बाहेरगावी पेशंटही बघते आणि संशोधनही करते. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही. नैराश्यावर काम आहे एवढं सांगतो.

मानपत्राचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. तिच्या चुलतभावाने गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधायच्या साइटवरच्या तिच्या पानाची प्रिंट आणून दिली. उजव्या बाजूला तीन ओळी: साइटेशन, एच-इंडेक्स, आय१०-इंडेक्स. प्रत्येकीपुढे दोन रकाने. मधे पेपरांची यादी, प्रत्येकासमोर आकडा. पहिल्या पेपरसमोर भलामोठा, मग घसरगुंडी, आणि तळातल्या बऱ्याच पेपरांसमोर चक्क कोरं.

यावरून कार्यकारिणीत दोन तट पडलेत. खजिनदार म्हणतात, गेल्या वर्षी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचा सत्कार केला, त्यांचे आकडे हिच्या कितीतरी पट होते, मग हिला 'आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या' कुठल्या तोंडाने म्हणायचं? चुलतभाऊ म्हणतो, 'जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत' असं ठोकून द्या, हल्ली सगळेच लिहितात. मला दोघांचंही पटत नाही, पण का पटत नाही ते चारचौघांत मांडता येत नाही.

जाणकारांनी उजेड पाडावा. हे आकडे मोजतात तरी काय?

फत्तेगंजचा_फुरसती

रुमाल टाकून ठेवतो.

बाकी राजाभाऊ, मानपत्र वाचतं कोण? शाल, श्रीफळ, फोटो, आणि मग सगळ्यांची नजर सेव-उसळीच्या पातेल्याकडे. (हलकं घ्या.)

निवृत्त_ग्रंथपाल

आयुष्य या आकड्यांच्या शेजारी गेलं, तेव्हा थोडं लांबण लावतो.

साइटेशन म्हणजे कुणीतरी आपल्या लेखाच्या शेवटी तुमच्या लेखाचा दिलेला दाखला. पूर्वी ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या मागे तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी असायची, तसंच हे. पुस्तक किती वेळा घरी गेलं ते कळायचं, वाचणाऱ्याला आवडलं की त्याने शिव्या घातल्या ते नाही. यूजीन गारफील्डने १९६४ मध्ये अमेरिकेत सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आणला तो वाचकाच्या सोयीसाठी. एक चांगला लेख हाती लागला की त्याचा आधार घेऊन पुढे कोण काय लिहितंय ते शोधता यावं. माणसं तोलायला तो तराजू नंतर वापरात आला.

एच-इंडेक्स त्याहून अलीकडचा. कॅलिफोर्नियातला होर्हे हिर्श नावाचा भौतिकशास्त्रज्ञ, साल २००५. समजा एकीचे सहा पेपर आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, १२, ७, ५, ३ आणि ० दाखले मिळालेत. चार पेपर असे सापडतात की प्रत्येकाला निदान चार दाखले आहेत. पाचवा पेपर तीनवरच थांबला, म्हणून एच-इंडेक्स ४. आय१० म्हणजे दहा किंवा जास्त दाखले मिळालेले पेपर, इथे २. आता गंमत बघा. पहिल्या पेपरचे ४० ऐवजी ४,००० झाले तरी एच-इंडेक्स चारच राहतो. जिने एकच जगावेगळं काम केलं तिला हा आकडा न्याय देत नाही. उलट वय वाढतं तसा तो वाढतच जातो, माणूस निवृत्त होऊन घरी बसला तरी. एकदा चढलेला एच-इंडेक्स उतरत नाही.

दुसरा रकाना गेल्या पाचेक वर्षांतल्या दाखल्यांचा असतो. तरुण संशोधकाबद्दल बोलायचं तर आधी तो बघा.

आणखी एक. गूगल स्कॉलरचं जाळं फार मोठं. प्रबंध, परिषदांची टिपणं, छपाईपूर्व मसुदे, सगळं त्यात येतं. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सूची निवडक स्रोतच मोजतात, त्यामुळे तिथे तोच माणूस बारीक दिसतो. प्राध्यापकांचा आकडा एका ठिकाणचा आणि हिचा दुसऱ्या ठिकाणचा असेल तर तुलना तिथेच बाद.

हिशेबनीस

राजाभाऊंनी ज्यांच्यावर ढकललंय तो खजिनदार मीच. आलोय.

ग्रंथपालसाहेबांचं सगळं मान्य. पण मंडळाला काहीतरी माप लागतं की नाही? 'मोठं काम केलं' म्हटलं की प्रत्येक आईबाप म्हणणार आमच्याही लेकराचं काम मोठं. मागे एकाच्या सत्कारावरून किती रामायण झालं ते राजाभाऊंना आठवत असेल. आकडा असला की तोंडं बंद राहतात. आणि आकडा असेल तर तो सगळ्यांना सारखा लावा. रसायनवाल्यांना एक न्याय आणि मानसशास्त्रवालीला दुसरा, हे कसं?

ओपीडीत_बसणारी

हिशेबनीस काका, सारखा न्याय हवा असेल तर आधी काम सारखं हवं. मी याच क्षेत्रातली, संशोधिका नाही, पेशंट बघते. पण दुसऱ्यांच्या संशोधनासाठी माहिती गोळा करायला बसलेय. तो पेपर कसा जन्माला येतो ते सांगते.

आधी नीती समितीची मंजुरी. उपचाराची चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद, २००९ पासून ती सक्तीची आहे. मग प्रत्येक पेशंटची लेखी संमती, आणि ती घेताना सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा सासूला बाहेर बसवणं, हे वेगळंच दिव्य. मग प्रश्न. नैराश्य मोजायची पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी आहे. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला? उत्तरं चार: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. कागदावर दोन मिनिटांचं काम. बाकावर बसलेल्या बाईला विचारा, ती म्हणते, "होतं ना बेन, माणसाला होणारच." निम्म्याहून जास्त म्हणजे किती हे समजावण्यासाठी मी पाण्याच्या चार ग्लासांची चित्रं काढून ठेवली होती: रिकामा, थोडं पाणी, अर्ध्याच्या वर, काठोकाठ. मग ती बोट ठेवायची. कधीकधी काठोकाठ भरलेल्या ग्लासावर बोट ठेवून गप्प बसून राहायची, आणि नववा प्रश्न, जगणं नको वाटण्याचा, तो यायचा बाकी असायचा. तिथे फॉर्म बाजूला ठेवावा लागतो. त्या दिवशी संशोधन होत नाही, उपचार होतात.

हे झालं पहिल्या भेटीचं. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी त्याच बाईला गाठायचं. फोन लागत नाही, नंबर जावयाचा होता, ती डभोईच्या पुढे कापूस वेचायला गेली. अशा पन्नास भानगडी. उपचार करणाऱ्याने ठरवलेल्या पद्धतीनेच सत्र घेतलं का हे तपासायला ध्वनिमुद्रणं ऐकावी लागतात, तीही दोघांनी वेगवेगळी. एका पेपरला काही वर्षं सहज जातात. प्रयोगशाळेतली कामंही कष्टाचीच, मी कमी लेखत नाही, पण तिथे नमुना परत आला नाही म्हणून कुणी त्याच्या गावी जात नाही.

त्यात आमचं क्षेत्र लहान. लिहिणारे कमी, म्हणजे दाखले देणारेही कमी. आकडे क्षेत्राच्या आकारावर ठरतात. तुलना करायचीच तर क्लिनिकल सायकॉलॉजीतल्याच, साधारण तेवढीच वर्षं काम केलेल्या माणसाशी करा.

मांडवीकर

+१. बाई, दंडवत.

वकिली_बाणा

मी न्यायालयातला प्राणी, विज्ञान शाळेत सुटलं ते सुटलंच. पण हे वाचून नवल वाटलं की तुमच्याकडे दाखला मोजतात, त्याचा सूर बघत नाहीत?

आमच्याकडे नागपूरहून निघणारा एआयआर, म्हणजे निवाडे छापणारा ऑल इंडिया रिपोर्टर, उघडा. एखादा जुना निवाडा पुढे कुठे कुठे आला हे तर कळतंच, पण तो ग्राह्य धरला, वेगळा ठरवला की रद्दबातल केला हेही कळतं. रद्द झालेला निवाडा घेऊन कोर्टात उभं राहिलं तर न्यायाधीश घरी पाठवतील. तुमच्यात रद्द झालेल्याचीही बेरीजच होते?

निवृत्त_ग्रंथपाल

वकीलसाहेब, मर्मावर बोट ठेवलंत. गारफील्डला ही कल्पना तुमच्याच लोकांकडून मिळाली. अमेरिकेत १८७३ पासून शेपर्ड्स सायटेशन्स नावाची वकिलांची सूची होती, कुठला निवाडा पुढे कसा वापरला गेला ते दाखवणारी. गारफील्डने सांगाडा घेतला, शेरे मात्र मागेच राहिले. हजारो नियतकालिकांतल्या प्रत्येक दाखल्यावर शेरा मारायला माणसं आणायची कुठून?

पीएचडी_चालू_आहे

बेरीजच होते. उदाहरण आमच्याच विषयातलं देतो, कारण यापेक्षा ठसठशीत मिळणार नाही.

हान्स आयझेंक. जन्म बर्लिनचा, १९१६ चा, कारकीर्द लंडनची. ब्रिटनमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजीचं प्रशिक्षण उभं करणाऱ्यांतला एक. १९५२ मध्ये त्याने लिहिलं की मानसोपचाराने न्यूरोटिक (चिंता, उदासी अशा त्रासांचे) रुग्ण बरे होतात याला पुरावा नाही, साधारण दोन-तृतीयांश लोक उपचारांशिवायही दोन वर्षांत सुधारतात. झालं, तिथून वीस-पंचवीस वर्षं जो तो आयझेंकचा दाखला देऊन आयझेंकला खोडून काढतोय. १९७७ मध्ये स्मिथ आणि ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र करून दाखवलं की मानसोपचाराचा उपयोग होतो. त्या खोडून काढणाऱ्यांचे दाखलेही आयझेंकच्याच खात्यात जमा. विसाव्या शतकातल्या नामवंत मानसशास्त्रज्ञांची एक यादी २००२ मध्ये निघाली. तीत नियतकालिकांतल्या दाखल्यांच्या हिशेबाने फ्रॉइड, पियाजे आणि लगेच तिसरा आयझेंक.

इथपर्यंत ठीक. वाद घालायला लावणारा माणूसही मोठाच असतो, आणि त्या एका लेखाने मानसोपचाराच्या पुराव्याची मागणी सुरू झाली हे नाकारता येत नाही. पण पुढचं ऐका. व्यक्तिमत्त्वावरून कॅन्सर आणि हृदयविकाराचा धोका ठरतो असं सांगणारे पेपर त्याने ग्रोसार्थ-माटिसेक या सहकाऱ्याबरोबर लिहिले होते. निकाल इतके डोळे दिपवणारे की तेव्हाच लोक कुजबुजत होते. आयझेंक १९९७ मध्ये गेला. २०१९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने त्यातले २६ पेपर 'असुरक्षित', म्हणजे विसंबू नये असे, ठरवले. नंतर काही पेपर नियतकालिकांनी मागे घेतले. पण तोवर मिळालेले दाखले कुठे जातात? वकीलसाहेबांच्या भाषेत, निवाडा रद्द झाला तरी त्याच्या आधारे लागलेले निकाल पुस्तकात तसेच.

तेव्हा 'इतकी साइटेशनं' हे वाक्य अर्धं आहे. कशासाठी, हे त्याच्या पुढे हवं.

फत्तेगंजचा_फुरसती

बापरे. रुमाल टाकला होता, आता चादर टाकतो.

पीएचडी_चालू_आहे

अवांतर, पण सांगून टाकतो. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले. मूळ पेपरांपैकी ९७ टक्क्यांत निकाल संख्याशास्त्रीय कसोटीला उतरलेला होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांतच उतरला. ते अभ्यास सामाजिक आणि बोधात्मक मानसशास्त्रातले होते, क्लिनिकल नव्हेत, हेही लक्षात घ्या, नाहीतर लोक लगेच 'सगळं मानसशास्त्र थोतांड' म्हणून मोकळे होतात. पुढे २०२१ मध्ये सेरा-गार्सिया आणि नीझी यांनी दाखवलं की पुन्हा न जुळणाऱ्या पेपरांना जुळणाऱ्यांपेक्षा जास्त दाखले मिळतात. चटकदार निकाल सगळ्यांनाच हवे असतात.

राजाभाऊ_रावपुरा (धागाकर्ता)

धागा फळला. आता मी प्रिंट घेऊन बसलोय. तिच्या यादीतला पहिला पेपर, ज्याला जवळजवळ निम्मे दाखले आहेत, तो उपचाराचा नाहीच. एक जुनी प्रश्नावली गुजरातीत आणून पेशंटवर तपासली, त्याचा आहे. उपचाराच्या चाचणीचा पेपर पाचव्या-सहाव्या नंबरवर. हे उलटं कसं? मला वाटायचं उपचार जास्त महत्त्वाचा.

पीएचडी_चालू_आहे

उलटं नाही, नेहमीचंच आहे. पद्धतीचे आणि मोजमापाचे पेपर सर्वांत जास्त उद्धृत होतात. कारण साधं आहे: ज्याने ते माप वापरलं त्याला दाखला द्यावाच लागतो, निकाल काहीही येवो. विज्ञानातला सर्वांत जास्त दाखले मिळालेला पेपर म्हणून १९५१ चा लोरी आणि सहकाऱ्यांचा पेपर सांगतात. तो प्रथिनांचं प्रमाण कसं मोजायचं याचा, तीन लाखांहून अधिक दाखले. आमच्याकडे हॅमिल्टनची १९६० ची नैराश्य मापनश्रेणी, बेकची १९६१ ची प्रश्नावली, आणि ओपीडीतल्या ताईंनी सांगितलेली पीएचक्यू-९, २००१ ची. शेवटची तर फुकट आहे, कुणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे ती जगभर पसरली. बेकची विकत घ्यावी लागते.

गुजराती रूप तयार करणं म्हणजे नुसतं भाषांतर नाही. एकाने भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणायचं, दोन्ही ताडून बघायचं, मग पेशंटना एकेक वाक्य वाचून दाखवून 'तुम्हाला यातून काय समजलं' असं विचारायचं. मग आकडेमोड: प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत का, डॉक्टरांच्या निदानाशी गुण जुळतात का, किती गुणांच्या वर नैराश्य समजायचं. ही शेवटची रेघ दुसऱ्या देशातून उचलून इथे लावता येत नाही.

कोठीच्या_काकू

मला यातलं शास्त्र कळत नाही, पण मुलगी कोण ते ओळखलं. राजाभाऊ, तिचं लग्न झालंय ना? मग यादी कुठल्या आडनावाची आहे? आमच्या वेळी तर सासरी गेल्यावर नावसुद्धा बदलायचे. माझीच मॅट्रिकची सनद एका नावाची आणि रेशनकार्ड दुसऱ्या.

राजाभाऊ_रावपुरा (धागाकर्ता)

काकू, साष्टांग दंडवत.

आता बघितलं. प्रिंट सासरच्या आडनावाची आहे. माहेरच्या आडनावाने शोधलं तर आणखी पेपर निघाले, त्यात पीएच.डी.च्या काळातले दोन महत्त्वाचे, तिच्या पानावर नाहीतच. आणि वर कहर म्हणजे तिच्या पानावरचा तळाचा एक पेपर म्हशीच्या दुधातल्या स्निग्धांशावर आहे. नैराश्य आणि म्हैस यांचा संबंध मला तरी लागला नाही.

हिशेबनीस

लागतो, दूध फाटलं की लागतो.

निवृत्त_ग्रंथपाल

म्हैस कुण्या नामसाधर्म्यवालीची आहे. आपल्याकडे आडनावं मोजकी आणि पेपरवर फक्त आद्याक्षर, त्यात गूगल आपणहून पेपर जोडत बसतं. जोशी एस. किंवा पटेल आर. म्हणून शोधा, एकाच नावाखाली शेतकी, दंतवैद्यक आणि संगणक एकत्र नांदताना दिसतील. यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक आला. फुकट आहे, संशोधकाने तो एकदा घ्यायचा आणि प्रत्येक पेपरला जोडायचा, मग नाव बदललं तरी क्रमांक तोच. तिच्याकडे असणारच. तिला विचारून तिथली यादी घ्या, प्रिंट बाजूला ठेवा. आणि म्हैस काढून टाकायला सांगा.

बायकांच्या कामाची अशी फाळणी फार झाली आहे. मी ग्रंथालयात असताना एकाच बाईची दोन कार्डं दोन खणांत सापडायची.

सूरसागर_कट्टा

इथे एक कडू घोट. मी एका खाजगी कॉलेजात शिकवतो. आमच्या वरिष्ठांना वर्षाखेरीस फक्त एक तक्ता हवा असतो: कोणी किती पेपर छापले. पेपर वाचला का, कुणीच विचारत नाही. मग 'पैसे भरा, आठवड्यात छापतो' असे इमेल येतात त्यांना गिऱ्हाईक मिळतं. अशा नियतकालिकांची यादी जेफ्री बील नावाचे अमेरिकन ग्रंथपाल ठेवायचे, ती २०१७ मध्ये बंद झाली. आपल्या यूजीसीची चांगल्या नियतकालिकांची केअर यादी होती, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. पीएच.डी. सादर करण्याआधी पेपर छापायची सक्ती २०२२ च्या नियमांत गेली, त्याने थोडा श्वास मिळाला असेल. तक्ता मात्र आहे तिथेच आहे.

मानपत्रात 'एकूण इतके शोधनिबंध' हे तर मुळीच लिहू नका. सगळ्यात स्वस्त आकडा तो.

राजाभाऊ_रावपुरा (धागाकर्ता)

आणि ते २ टक्के? चुलतभाऊ रोज विचारतो.

पीएचडी_चालू_आहे

ती यादी जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून दरवर्षी काढतात. आयोनिडिस स्टॅनफर्डचे, म्हणून वर्तमानपत्रांत 'स्टॅनफर्डची यादी' होते. स्टॅनफर्ड काही सनद देत नाही, कुणी अर्ज करत नाही. तीत दोन वेगळे तक्ते असतात, एक संपूर्ण कारकिर्दीचा आणि एक त्या वर्षापुरता. बातमीत कुठला ते लिहिलेलं नसतं. स्वतःच स्वतःचे दिलेले दाखले वगळूनही क्रम दिलेला असतो. यादी सर्वांना खुली आहे, चुलतभावाला म्हणावं उतरवून घे आणि नाव शोध. सापडलं तर वर्ष आणि तक्ता लिहून छापा. नसेल तर मग छापायचं कशाच्या जोरावर?

राजाभाऊ_रावपुरा (धागाकर्ता)

शोधलं. नाही. प्राध्यापकांचंही नाही, आणि त्यांच्या मानपत्रात आपण काय लिहिलं होतं ते मी इथे सांगणार नाही.

हिशेबनीस

ते वाक्य माझं नव्हतं. नोंद असावी.

गोवेकर_बडोद्यात

मूळचा गोव्याचा, म्हणून एक भर. आमच्याकडे संगाथ नावाची संस्था आहे, १९९६ पासून. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी, ते मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रयोग केला: मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ सत्रं द्यायची. २०१७ मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि उपयोग होतो असं निघालं. त्याचे दाखले भरपूर आहेत. पण मी गावातल्या केंद्रात जी बाई बघितली, ती आजारी माणसाला 'आज सकाळी उठून काय केलंस' इथून सुरुवात करायची आणि वहीत उद्याचं एक छोटं काम लिहून द्यायची. त्या वहीची नोंद कुठल्याच इंडेक्समध्ये नाही.

ओपीडीत_बसणारी

गोवेकर, हाच मुद्दा मला मांडायचा होता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती, गुजरातही होतं. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत असं त्यात आलं. म्हणजे आमच्याकडे खरी अडचण आहे ती लवकर ओळखण्याची. त्यासाठी त्यांच्या भाषेतलं, तपासलेलं माप हवं.

राजाभाऊ, प्रश्नावली कुठली ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का?

राजाभाऊ_रावपुरा (धागाकर्ता)

केला.

ओपीडीत_बसणारी

बघितला. ती आम्ही रोज वापरतो हो. खणात गठ्ठा आहे, झेरॉक्सची झेरॉक्स, खालची ओळ तुटलेली, त्यामुळे ती कुणी केली ते आज पहिल्यांदा कळलं. आम्ही पेपर लिहीत नाही, म्हणून दाखलाही देत नाही. तिच्या आकड्यात आम्ही नाही. आमच्यासारखे अजून किती असतील कोण जाणे.

वकिली_बाणा

साक्षीदार मिळाला. माझ्याकडून युक्तिवाद संपला.

हिशेबनीस

थांबा, इतक्यात नाही. प्रश्नावली वापरात आहे हे ऐकून बरं वाटलं, मनापासून. पण सभागृहात तीनशे माणसं, त्यांतल्या निम्म्यांना 'प्रश्नावली तपासली' म्हणजे परीक्षेचे पेपर तपासले वाटणार. माझं म्हणणं एवढंच की ऐकणाऱ्याला पकडायला काहीतरी द्या. आणि एखादा आकडा असू द्या, मंडळाच्या दप्तरात राहतो.

राजाभाऊ_रावपुरा (धागाकर्ता)

मसुदा टाकतो, झोडपा.

"नैराश्य ओळखण्यासाठी वापरली जाणारी एक प्रश्नावली आपण गुजरातीत आणलीत, गुजरातच्या रुग्णांवर तपासलीत, आणि किती गुणांना उपचाराची गरज समजावी हे ठरवून दिलंत. आज आपल्या शहरातल्या ओपीडीत डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ ती वापरतात. नैराश्यावरील उपचारांच्या चाचणीतही आपला सहभाग आहे."

यात साइटेशन नाही, एच-इंडेक्स नाही, २ टक्के नाही. दप्तरासाठी वेगळ्या कागदावर: ऑर्किडवरची पूर्ण यादी, आणि गूगल स्कॉलरचा आकडा, कुठल्या तारखेला पाहिला त्यासह, दोन्ही नावांचे पेपर धरून, म्हैस वगळून.

ओपीडीत_बसणारी

'आपल्या शहरातल्या ओपीडीत' ऐवजी 'एका ओपीडीत' लिहा. मला माझंच माहीत आहे. आणि 'सहभाग' म्हणजे काय ते तिला विचारा. ती पहिली लेखिका होती, की सत्रं घेणारी, की दोन्ही? आमच्यात लेखकांच्या नावांचा क्रम फुकट नसतो.

पीएचडी_चालू_आहे

सहमत. 'तपासलीत' च्या पुढे पेशंट किती होते तो आकडा घाला, पेपरमध्ये असतोच. हिशेबनीस काकांना आकडाही मिळेल आणि तो खराही असेल.

हिशेबनीस

हे चालेल. बराबर. माणसांचा आकडा आहे, लोकांना कळेल. बॅनर छापायला मंगळवारी जाणार आहे, तोवर नक्की करा. मग बदल नाही.

कोठीच्या_काकू

नाव कुठलं घालणार? माहेरचं की सासरचं?

राजाभाऊ_रावपुरा (धागाकर्ता)

काल रात्री फोन झाला. ती म्हणाली दोन्ही घाला, मधे आडवी रेघ, पहिल्या पेपरवर आहे तसंच. चाचणीत ती पहिली लेखिका आहे, सत्रं दुसऱ्यांनी घेतली, त्या दोघींची नावंही मानपत्रात हवीत असा तिचा आग्रह आहे. म्हशीचं ऐकून पाच मिनिटं हसत होती. ओपीडीतल्या बाई, तिने तुमचा नंबर मागितलाय, गठ्ठ्यातली प्रत जुनी आहे म्हणाली, सातव्या प्रश्नाचं वाक्य नंतर बदललंय. व्यनि बघा.

ओपीडीत_बसणारी

बघितला. सोमवारी गठ्ठा बदलते.